वाडीचा पहिला मॅट्रिक

बुधवारी दुपारी यज्ञेश्वरने माझ्या पुढ्यात एक कागद ठेवला आणि म्हणाला, "हातातलं राहू दे, आधी हे घे. तुमच्याच वाडीचं आहे. मुंबईहून पोस्टाने आलंय. रविवारी कार्यक्रम आहे, त्याच्या आत दोनशे प्रती हव्यात." महाडचा हा छापखाना यज्ञेश्वरचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा, मी तिथे कंपॉझिटर. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, त्यामुळे तो मला अरे-तुरे करतो आणि मीही त्याला करतो, फक्त पगाराच्या दिवशी माझ्या तोंडून आपोआप 'अहो' निघतं. कागदावरचं अक्षर माझ्या मुंबईच्या गोमाजीकाकाचं नव्हतं, त्याच्या गिरणीतल्या कुणा लिहित्या माणसाचं होतं, पण मजकूर त्याचाच. पोलादपूरच्या वर, कशेडीकडे तोंड करून बसलेली आमची वाडी. तिच्या मुंबईकरांच्या मंडळाने काळकाईच्या देवळाच्या पडवीत वाचनालय काढायचं ठरवलं होतं, आणि त्याचं हे निमंत्रण. मी खणांतून अक्षरांचे खिळे उचलत, ओळ जुळवत चाललो होतो. डोकं दुसरीकडेच होतं, कारण नऊ वर्षांच्या सवयीने हात डोक्याला विचारत नाही. "...या शुभप्रसंगी आपल्या वाडीचे पहिले मॅट्रिक श्री. महिपती हैबती उतेकर यांचा सत्कार करण्यात येईल. त्यांच्या शाळेतील वस्तू, निकालाचा पेपर व सनद काचेच्या कपाटात कायमच्या ठेवण्यात येतील, जेणेकरून पुढील पिढीस स्फूर्ती मिळेल." हात थांबला तो इथे. श्री. महिपती हैबती उतेकर म्हणजे मी. आणि मी मॅट्रिक नाही.

मॅट्रिक हा शब्द जुळवायलाही वाईट. आमच्याकडे अर्धचंद्राचे खिळे नेहमी कमी, त्यातले निम्मे झिजलेले. त्या कागदात मॅट्रिक तीनदा होतं. मी एक-एक खिळा शोधून, फुंकर मारून, उलट्या अक्षरांत माझी लबाडी नीट ओळीत बसवली. बोटाला काळी शाई लागतेच, ती काही नवी नाही. पण त्या दिवशी मी हात तीनदा धुतले आणि यज्ञेश्वरने ते पाहिलं. प्रूफ काढून त्याच्यापुढे ठेवलं तेव्हा त्याने चष्मा वर सारून ते दोनदा वाचलं. त्याला सगळं ठाऊक आहे. चोपन्न साली शाळेत गुणपत्रकांच्या रांगेत तो माझ्या पुढे उभा होता. "चूक एकही नाही," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "म्हणजे छपाईची." मी प्रूफ ओढून घेतलं. "अरे, मग सांगून टाक ना एकदाचं. दहा वर्षं झाली. आता कोणाला काय फरक पडतो?" असं म्हणणं सोपं असतं. बापाचा छापखाना असला, की माणसाला कशानेच फारसा फरक पडत नाही. तोही पुढे शिकला नाही, पण त्याला कुणी खांद्यावर बसवून नाचवलं नव्हतं.

संध्याकाळी चवदार तळ्याच्या कडेने घरी जाताना मला त्याचाच राग येत राहिला, मग काकाचा, मग अख्ख्या वाडीचा. माणसाला नापास होण्याचा हक्क असतो. तेवढा एक हक्क तरी असावा. शेजारच्या आळीतला गोगट्यांचा मुलगा तीनदा नापास झाला, चौथ्यांदा पास झाला, आणि आज पेणला मामलेदार कचेरीत आहे. त्याला नापास होऊ दिलं म्हणून तो पास झाला. मला कुणी होऊ दिलंच नाही. चोपन्न साली जूनच्या सुट्टीत मी वाडीत होतो. निकाल पेपरात नंबरांनी छापून यायचा, आणि पेपर महाडला एक दिवस उशिरा, आमच्या वाडीत तर कधीच नाही. माझा नंबर मी काकाला पत्राने कळवला होता. नंबर कळवला, केंद्र कळवायचं राहिलं. महाडशिवाय दुसरीकडेही मुलं परीक्षेला बसतात आणि तिथेही तोच आकडा असू शकतो, हे गिरणीत साचा चालवणाऱ्या माणसाला कुठून कळावं? त्याने खोलीतल्या बावीस जणांना बसवून पेपरभर आकडे शोधले. आकडा सापडला. काकाने लाल पेन्सिलने त्याला असा गोल मारला की कागद फाटला, आणि तो कामावर खाडा करून एस.टी.ने निघाला.

तो वाडीत येऊन पोचला तेव्हा मी खळ्यात होतो. पुढचं सगळं मला आवाजांनीच आठवतं. काकाची आरोळी, मग आईचं रडणं, मग खालच्या वाडीतून बोलावलेला खालूबाजा, त्याची ती सनई आणि ढोल. बाबांनी, म्हणजे हैबती उतेकरांनी, आधी देवीला कौल लावला, कारण आमच्याकडे देवीला विचारल्याशिवाय नांगरसुद्धा बाहेर काढत नाहीत. कौल उजवा पडला. मग मला फेटा बांधला, दोघांच्या खांद्यांवर बसवलं, आणि शिमग्यात पालखी जिथून जिथून जाते तिथून तिथून मला नेलं. प्रत्येक दारात पायांवर पाणी. म्हाताऱ्या बायका माझ्या पायाला हात लावत होत्या. मला सतरावं संपून अठरावं लागलेलं, मला ते सगळं फार आवडलं, हे मी आज कबूल करतो. वेशीवर पोचल्यावर काकाने पेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "घे, तूच बघ तुझा नंबर." मी पाहिला. लाल गोलातला आकडा माझाच होता. मग सवयीने माझी नजर वर गेली, रकान्याच्या डोक्यावर. तिथे सातारा लिहिलं होतं. महाडचा रकाना शेजारच्या पानावर, अगदी तळाशी. त्यात दोन हजार एकशे त्रेचाळीसच्या पुढचा आकडा एकदम एकावन्न होता. माझा सत्तेचाळीस. ढोल चालू होता. मी खांद्यावर होतो. मी पेपराची घडी घातली आणि खिशात ठेवली. एवढंच मी केलं. त्यापेक्षा जास्त वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही.

उतरल्यावर सांगू म्हटलं. उतरल्यावर जेवणं होती. जेवणं झाल्यावर सांगू म्हटलं, तर बाबा देवळात नवस फेडत होते. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर शेजारच्या दोन वाड्यांतली माणसं मला बघायला आली. खोटं बोललं असतं तर निदान खोटं बोललो असं तरी झालं असतं. मी काही बोललोच नाही. आठवड्याने महाडला जाऊन गुणपत्रक आणलं. इंग्रजीत नऊ गुण कमी, बाकी सगळ्यांत पास. इंग्रजीचे बाळ सर दारातच भेटले. ते म्हणाले, "अरे, नऊ गुण म्हणजे काय! ऑक्टोबरात बस, डोळे मिटून सुटशील," आणि स्वतःचं व्याकरणाचं पुस्तक मला काढून दिलं. पण ऑक्टोबरात बसायचं तर फॉर्म भरायला हवा, फॉर्मसाठी बाबांकडे पैसे मागायला हवेत, आणि पास झालेल्या मुलाला परीक्षेसाठी पैसे कशाला लागतात? परीक्षा महाडला. महाडच्या बाजारात रोज वाडीचं कुणी ना कुणी लाकडाची मोळी, कोंबड्या, करवंदं घेऊन उतरलेलं असायचं. त्यांच्यासमोर बगलेत पॅड घेऊन शाळेत कसा शिरणार? हसू येतं आता, पण तेव्हा मला खरोखरच वाटलं, की पास झालो नसतो तर नक्की पास झालो असतो. ऑक्टोबर गेला. मग मार्च गेला. पुढे यज्ञेश्वरने छापखान्यात लावून दिलं आणि वाडीत मी 'छापखान्याचा मॅनेजर' झालो.

त्या बुधवारी घरी आलो तर राही माझी ट्रंक उघडूनच बसली होती. राही माझी बायको. वरंधच्या मालोजी मोऱ्यांची मुलगी, चौथी शिकलेली. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली. मुलं सुट्टीला वाडीत आजीकडे गेली होती, म्हणून खोली मोकळी होती आणि जमिनीवर सगळी माझी शाळा मांडलेली होती. काकाचं एक पत्र घरीही आलं होतं तर. ती हिरवी लोखंडी ट्रंक मी लग्नाआधी कधीच फेकून द्यायला हवी होती. मी ती माळ्यावर टाकली होती. राहीने आल्याच्या पहिल्या उन्हाळ्यात ती खाली काढली, उन्हात वाळवली, कडुलिंबाचा पाला घालून पुन्हा भरली, आणि तेव्हापासून दर मे महिन्यात ती हे करते. लोक जसे लोणच्याच्या बरण्या वाळवतात तशी ती माझी मॅट्रिक वाळवते. मी तिला दरवर्षी ओरडतो, "कशाला ती अडगळ!" आणि ती दरवर्षी म्हणते, "तुमाला कदर नाय."

"ही टोपी फार इटलीय," ती विटकी काळी टोपी हातावर फिरवत म्हणाली. "पन धुवायची नाय. तशीच दिसूदे. पोरांना कळंल का घामानं इटली." तिने एकेक वस्तू ओळीने लावली होती. कंपासपेटी, तिच्या झाकणावर मी खिळ्याने कोरलेलं नाव. शेवटच्या वर्षाचा वर्गाचा फोटो. त्यात मी मागच्या रांगेत कडेला, अंगात यज्ञेश्वरचा कोट. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या म्हणून हात पाठीमागे. रंगीत पानांची सह्यांची वही. शाळेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळे त्या वह्या घेऊन एकमेकांच्या मागे लागलो होतो. मुलींकडे वही द्यायला धीर होत नव्हता, तर चारुलता दाते नावाच्या एका मुलीने स्वतः हात पुढे केला आणि गुलाबी पानावर लिहिलं, 'यश तुमच्या पायांशी लोळण घेवो.' राही ते बोट ठेवून वाचते, दरवर्षी, जोराने. तिला हेवाबिवा काही वाटत नाही. उलट तिला वाटतं, बघा, शहरातल्या मुलीलासुद्धा तेव्हाच कळलं होतं. ते वाक्य तिने वाचलं की मला ती वही चुलीत घालावीशी वाटते. यश लोळलं खरं. तेव्हापासून ते जे लोळतंय ते उठलेलंच नाही.

आणि तो पेपर. तिने तो जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. घड्यांवर पिवळा, कडांना कुरतडलेला, मध्ये लाल गोल. ती तो हलक्या हाताने उलगडते, त्या गोलाकडे बघते आणि परत घडी घालते. गोलाच्या वर, चार बोटांवर, सातारा छापलेलं आहे. आठ वर्षांत तिने ते एकदाही वाचलं नाही. तिला वाचता येतं. बाजूलाच माझा परीक्षेचा प्रवेशाचा कागद, त्यावर केंद्र महाड. दोन्ही कागद ती एकाच फडक्यात ठेवते! एखादे वर्षी ती वाचेल, वर मान करून माझ्याकडे बघेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही, अशी वाट मी आठ उन्हाळे पाहिली. खरं सांगायचं तर ट्रंक फेकली नाही ती म्हणूनच. पण तिची नजर गोलाच्या बाहेर गेली नाही. विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा राग येऊ शकतो, हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं.

"आनी सनद कुठाय?" तिने विचारलं. "काकांनी लिवलंय, सनद पायजे. ट्रंकेत तर नाय." मी म्हटलं, शाळेत असेल, आणायची राहिली. "दहा वरसं?" ती हसली. "तुमी म्हंजे ना! माझा बा येनाराय रविवारी, वरंधवरनं. त्याला बघायची हाय सनद. त्यानं सांगितलंय, जावयाची सनद डोल्यानं बघीन मंग डोले मिटले तरी चालंल." मालोजी मोऱ्यांनी राहीसाठी दोन स्थळं नाकारली होती. एक भातशेतीवालं, आमच्या तिप्पट जमिनीचं, आणि एक एस.टी.तला कंडक्टर. मॅट्रिकला मुलगी द्यायची म्हणून त्यांनी आमच्या दगडाधोंड्यांच्या वाडीत मुलगी दिली. लग्नाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे कंसात मॅट्रिक लिहायला त्यांनी मुद्दाम निरोप पाठवला होता, आणि ती पत्रिकाही मीच जुळवली होती. वाडीचं काय घेऊन बसलात, वाडी हसेल आणि विसरेल. पण ही बाई एका कंसावर माझ्या घरात आली. कंस काढला तर ती इथे कशाला आहे, हा प्रश्न ती विचारेल, आणि तिला तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. त्या रात्री जेवताना दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा तिने आमटी वाढली. दुसऱ्यांदा तिने विचारलं, "काय?" आणि मी म्हटलं, "मीठ."

गुरुवारी यज्ञेश्वर म्हणाला, "सनद हवी ना? ट्रेडलवर छापून देतो, चांगली वेलबुट्टीसकट. शिक्का तेवढा तुझा तू बघ," आणि स्वतःच्याच विनोदावर हसत जेवायला गेला. छापखान्यात मी एकटाच. मी विनोद म्हणून अक्षरं जुळवायची स्टिक हातात घेतली. विनोद म्हणूनच माझं नाव जुळवलं, त्याखाली परीक्षेचं नाव, साल, आणि मग इंग्रजीपुढे एक आकडा. पन्नास नको, फार दिसेल, बेचाळीस. हे ठरवताना मी मान तिरकी करून, खरोखरच विचार करत होतो, बेचाळीस की चव्वेचाळीस. तेवढ्यात माझं माझ्याकडे लक्ष गेलं. दहा वर्षांपूर्वी मी गप्प बसलो होतो, ते भित्रेपण होतं. हे काही भित्रेपण नव्हतं, याला कोर्टात वेगळं नाव आहे. आणि गंमत अशी, की या कामात मी फार हुशार निघालो असतो. बाळ सरांनाही ओळखू आलं नसतं, ते आज असते तर. मी ती सगळी अक्षरं एकेक करून परत आपापल्या खणात टाकली. बेचाळीसमधला चार सापडेना, तो खाली पडला होता. तो शोधत जमिनीवर गुडघे टेकले असताना माझं ठरलं, की रविवारी सांगायचं. सगळ्यांसमोर, एकदाच, मोठ्याने. एकेकाला सांगत बसायची ताकद माझ्यात नव्हती. शुक्रवार आणि शनिवार मी वाक्य जुळवण्यात घालवले. आधी राहीला सांगावं, असं मनात येऊन गेलं नाही असं नाही. पण तिला सांगितलं तर ती रडेल, ती रडली तर माझा धीर सुटेल, आणि रविवार हुकेल. मी असं स्वतःला पटवलं.

रविवारी पोलादपूरला उतरून चढ चढताना ट्रंक राहीने डोक्यावर घेतली. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "तुमी आज उचलायचं नाय. बरं दिसत नाय." मी मागून रिकाम्या हातांनी चालत होतो. उन्हाने दगड तापलेले, आणि पुढे माझी टोपी, माझा कंपास, माझा फोटो तिच्या डोक्यावर डुलत चाललेला. एकदा वाटलं, इथेच सांगावं, या वळणावर, कुणी नाही. पण ती धापा टाकत होती, आणि डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला असं काही सांगू नये, अशी एक सबब मला लगेच मिळाली. मला सबबी फार पटकन मिळतात. पुढे वेशीवर खालूबाजावाले बसलेले दिसले आणि सांगण्याची वेळ गेली.

देवळाच्या पडवीत टेबल, टेबलावर चादर, चादरीवर राहीने सगळं मांडलं. माणसं रांगेने येऊन बघत होती, हात न लावता. चांगू उतेकर नावाचे म्हातारे गृहस्थ टोपीला नमस्कार करून गेले. माझे सासरे मालोजी मोरे पांढरंशुभ्र धोतर नेसून पुढच्या घोंगडीवर बसले होते, बाबांच्या शेजारी. गोमाजीकाका मुंबईची पँट घालून उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, आज फॅमिलीसारखा प्रोग्राम हाय. सनद सरकारात हाय, ती मागनं येनार. पन हा पेपर बघा. हा मी आनला. बावीस मानसांनी शोधला." मग त्याने मला उभं केलं. मी उभा राहिलो. समोर दीडशे माणसं असतील. पुरुष पुढे, बायका खांबापलीकडे, राही त्यांच्यात, मुलं तिच्या मांडीशी. दोन दिवस जुळवलेली वाक्यं एकही आठवेना. मग मी सरळ सांगितलं.

"मी मॅट्रिक नाय," मी म्हटलं. "त्या साली मी नापास झालो. इंग्रजीत. पेपरात आला तो नंबर दुसऱ्या पोराचा हाय, साताऱ्याच्या. मला त्याच दिवशी कळला व्हता. मी बोललो नाय. सनद येनार नाय, कारन ती नायच."

मला वाटलं, आता सगळे माझ्यावर तुटून पडतील. मग चांगूबुवा मोठ्याने म्हणाले, "बघा रे बघा! येवढा शिकला पन गर्व हाय का?" आणि कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवली. मी हात वर केले, ओरडलो, "अवो खरं सांगतोय, नापास हाय मी!" तर टाळ्या आणखी वाढल्या. काका माझ्या खांद्यावर हात टाकून लोकांना म्हणाला, "मोठी मानसं अशीच बोलतात. मुंबईत आमचा साहेब एवढा बी.ए., पन म्हनतो मला काय येत नाय." मी टेबलावरचा पेपर उचलून त्याच्या नाकासमोर धरला, सातारा या शब्दावर बोट ठेवलं. "हे वाच, काका. हे वर काय छापलंय ते वाच." काका वाचायला शिकलेला नाही, हे मी रागात विसरलो होतो. पण त्याला काही वाटलं नाही. तो म्हणाला, "अरे, छापून आलंय ना? मंग झालं. छापलेलं कंदी खोटं आस्तं काय?" हे तो मला विचारत होता. मला, ज्याने बुधवारी स्वतःच्या हातांनी तीनदा मॅट्रिक छापलं होतं. बाबा उपरण्याने डोळे पुसत होते. ते म्हणाले, "आनी काळकाईचा कौल उजवा पडलेला, तो काय फुकट? बस खाली, माज्या वाघा." माझ्याकडे खरं होतं, दहा वर्षांनी का होईना मी ते आणलं होतं, आणि ते घ्यायला तिथे एकही माणूस तयार नव्हता. मला ओरडावंसं वाटत होतं आणि मी ओरडत होतोच. शेवटी मी खाली बसलो. सासऱ्यांनी उठून माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि हात जोडले.

खांबापलीकडच्या बायकांतली एकजण मात्र टाळ्या वाजवत नव्हती. राही टेबलापाशी आली होती, केव्हा ते मी पाहिलं नाही. तिने तो पेपर उचलून प्रवेशाच्या कागदाशेजारी ठेवला होता आणि बोट ठेवून वाचत होती, लाल गोलाच्या वर, आणि मग दुसऱ्या कागदावर. चौथीतली मुलं वाचतात तसं, ओठ हलवत. मग तिने कागद होते तसे ठेवले. "राहीबाय, ये, ववाळ नवऱ्याला," काकाने हाक मारली, आणि बायकांनी तिच्या हातात ताट दिलं. आमच्याकडे सत्कार झाला की घरच्या बाईने ओवाळायचं असतं, पाच वेळा, त्याशिवाय कुणी उठत नाही. ती समोर आली. माझ्या कपाळावर तिने कुंकू लावलं, तांदूळ लावले, तिचा अंगठा गार होता. मग ताट फिरवायला लागली. चेहरा तिने असा ठेवला होता, की मागून कुणालाही वाटावं बाई नवऱ्याकडे कौतुकाने बघते आहे.

"खरं हाय," ती अगदी हळू म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"होय."

ताट एकदा फिरलं, दोनदा फिरलं. "आठ वरसं येका खोलीत ऱ्हातो आपन," ती म्हणाली. "मला बी हितं बसवून सांगितलंव. माझ्या बाच्या म्होरं. समद्या वाडीसंगं." तिसऱ्यांदा ताट वर गेलं तेव्हा ज्योत तिच्या श्वासाने हलली. "घरात सांगितलं असतंव तर मी भांडले तरी असते. आता भांडू कुठं? कुनी नापास मानतच नाय तुमाला. मी येकटीच मानते."

मी काही म्हणायला हवं होतं. ती थांबली होती, हात मात्र फिरत होता. पाच झाले. मला एवढंच सुचत होतं, की मी सांगणार होतो, चढावर सांगणार होतो, जेवताना सांगणार होतो, आणि यातलं प्रत्येक वाक्य इतकं फालतू होतं की जिभेवर घेववेना. ताट सहाव्यांदा फिरलं, सातव्यांदा फिरलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, उत्तराची वाट बघत. मागे बायका हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "अगो बस झाला गो, पाच कंदीच झालं! नवऱ्याला बघून मोजायचंबी इसारली." आठव्यांदा फिरलं. मी अजूनही गप्पच होतो.